उताऱ्याचा नारळ

मोठ्या घरातलं पोर वाचलं, म्हणून माझ्या मायचे पुढचे दात पाडले. पोर मेलं असतं तर तिलाच मारलं असतं. दातांवर भागलं, असं ती स्वतः म्हणायची, आणि म्हणताना तिच्या तोंडातून वारा जायचा.

आमचं गाव उमरखेडहून ढाणकीकडे जाताना फाट्यावरून आत आहे. गावातली निम्मी जमीन एका घराची. त्याला सगळे मोठं घर म्हणतात. आता ते सिमेंटचं झालं आहे, वर पाण्याची टाकी आहे, गाडी उभी करायला पत्र्याची शेड आहे, तरी नाव तेच. माझी आजी त्या घरात आंदणात आली. आंदण म्हणजे लेकीच्या लग्नात बाप जे देतो ते. मालकिणीच्या बापानं पितळी भांडी दिली, पलंग दिला, एक गाभण गाय दिली आणि आजी दिली. आजी तेव्हा मालकिणीपेक्षाही लहान होती. वरातीत गायीच्या गळ्यात घुंगरं होती. आजी सांगायची, "गायीले पुढं चालवलं, मले मांगं. गाय हरवली असती तर शोधली असती."

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. माणूस असा देता येत नाही असा कायदा त्याच्याही आधी झाला होता, हे मला पुढं एका मास्तरनं सांगितलं. झाला असेल. आमच्या फाट्यावरून आत तो आला नाही.

अशा बाईला बटीक म्हणत. बटकीला जे होईल ते मोठ्या घराचं, वासरासारखं. माझी माय गोठ्याशेजारच्या खोलीत जन्मली. तिचा बाप कोण, हे आजीनं कधी सांगितलं नाही. मोठ्या घराच्या बैठकीत एका म्हाताऱ्याची तसबीर होती आणि मायचं नाक त्या तसबिरीतल्यासारखं होतं. गावात सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मायचं लग्न घरातल्याच एका सालदाराशी लावून दिलं. तो माझा बाप. मी रांगत असताना त्याला कडब्याच्या गंजीत साप चावला. मला त्याचं काही आठवत नाही, म्हणून लिहीत नाही.

आमची कामं शेण काढणं, गोवऱ्या थापणं, गुरांसाठी ढेप फोडणं, पाणी भरणं. आणि एक काम फक्त आमचं होतं. उतारा नेण्याचं.

घरातलं पोर आजारी पडलं, सून भोवळ येऊन पडली, म्हैस दूध देईना, की पत्रावळीवर ज्वारीच्या कण्या, लिंबू, हळदकुंकू, कधी उकडलेलं अंडं आणि नारळ ठेवायचा. ते आजाऱ्यावरून ओवाळायचं आणि गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचं. ओवाळलं की आजार त्या पत्रावळीत उतरतो आणि जी नेते तिच्या अंगावर जाऊ शकतो, असं मानत. म्हणून घरातली बाई ते करत नसे. बाहेरची, जिचं कोणी नाही अशी बाई लागायची. त्यासाठी आजी होती, मग माय होती. जाताना बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. परत आल्यावर गोठ्यात पाय धुवायचे आणि त्या दिवशी घराच्या पायरीला शिवायचं नाही.

उतारा कावळ्याकुत्र्यांनी खायचा असतो. आजीनं सुरुवातीला तसाच ठेवला. मग एका वर्षी पीक बुडालं, बटकीच्या ताटातली भाकर आधी कमी झाली, तेव्हा आजीनं शिवेवरच्या बाभळीखाली बसून उतारा खाऊन टाकला. दिवसभर मरायची वाट पाहिली. मेली नाही. पुढच्या वेळी मायलाही दिला.

मोठ्या घरात कोणी आजारी पडलं की आम्हाला बरं वाटायचं. हे वाचून कोणाला राग आला तर येऊ द्या. वर्षात नारळ तेवढाच मिळायचा. मी लहान असताना मायला विचारायची, "माय, आज कोणाले ताप नाही का वं?" माय हसू दाबून म्हणायची, "गप बस, भवाने. मालकिणीचं पोट दुखून राह्यलं. थांब जरा, वाढूंदे."

मी तिसरीत असतानाची गोष्ट. आजी तेव्हा गेली होती. मोठ्या घरातल्या सुनेला नवसाचा मुलगा झाला होता. तो नुकताच पाय टाकायला लागला आणि तापानं पडला. जुलाब, रडणं, दूध नको. वैद्य झाला, अंगारा झाला. मायनं उतारा नेला, दुसऱ्या दिवशी आणखी नेला. ताप हटेना. तेव्हा घरच्या सालदारानं मालकिणीला सांगितलं की त्यानं बैलगाडीवरून येताना आम्हाला बाभळीखाली नारळ खाताना पाहिलं. हा सालदार आमच्याच चुलीवर शेकायला बसायचा.

जाणता बोलावला. करणी कोणी केली ते सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडे जाणता म्हणत. त्यानं अंगणात सुपात ज्वारीचे दाणे फिरवले आणि म्हणाला, "घरातून काढलेलं सगळं हिच्या पोटात हाय. हिच्या मायपासून साठवून ठेवलं. शिवंवर जाते अन् पोटात घालून घरी आणते. दुसरी बाई असती तर कवाच मेली असती. ही काहून नाही मेली, इचारा."

माय म्हणाली, "भूक लागली होती जी."

मालकीण ओसरीवर बसली होती. आजीसोबत वरातीत आलेली तीच. ती म्हणाली, "तुले घरात खायाले नव्हतं का, बटके?"

खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

जाणत्यानं सांगितलं, जिनं घातलं तिनंच काढावं. मायला पोरासमोर बसवलं. ती मला पुढं सांगायची की तिला तेव्हाच कळलं होतं. काढलं आणि पोर बरं झालं तर घातलं होतं असं ठरणार. नाही काढलं तर पोर मारते असं ठरणार. तरी तिनं ओवाळलं. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लेकरू लय रडून राह्यलं होतं."

संध्याकाळच्या आत पोराला घाम सुटला, ताप उतरला, त्यानं दूध मागितलं. घरात बायकांनी देवापुढं साखर ठेवली. आणि बाहेर अंगणात पुरुषांनी मायला धरलं. चेटकिणीचे पुढचे दात नसले की मंत्राचा उच्चार फुटत नाही, असं मानत. सुनेनं आतून वरवंटा आणून दिला. सालदारानं तो चालवला. मी कणगीला टेकून उभी होते. पहिला दात तुटायला वेळ लागला, नंतरचे लवकर तुटले. मालकीण मोठ्यानं सांगत होती, "जिवावर नका जाऊ रे, उद्या शेण काढाले पायजे."

आणि दुसऱ्या दिवशी मायनं शेण काढलं. हेच लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं चेटकीण ठरवली म्हणजे गावाबाहेर काढली. आम्हाला कशाला काढतील? दात गेले म्हणजे मंत्र गेला, आणि बाई पुन्हा कामाची झाली. उतारेही तिच्याच हातानं जात राहिले. फक्त आता माय नारळ मला द्यायची. तिला तो चावत नव्हता.

रक्त लागलेला वरवंटा मोठ्या घरात कोण वापरणार? त्यांनी नवा आणला, जुना गोठ्यात टाकला. मायनं तो राखेनं घासला आणि आमच्या पाट्यावर ठेवला. दगड चांगला होता. त्यावर माझ्या आयुष्यभराची मिरची वाटली गेली. अजून घरात आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. बटकीच्या लेकीशी सोयरीक कोण करणार? पण आमच्या गावात बौद्धांची वस्ती आहे. त्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव उचलून पैनगंगेत सोडले होते. त्यांच्यातल्या एका माणसानं मला बायको करून घेतलं. ढाणकीच्या बाजारात तो हमाली करायचा. त्याच्या बहिणीनं नाक मुरडलं, "चेटकिणीची पोट्टी आणली व बाई घरात." तो म्हणाला, "आणली. आता तुह्या नवऱ्याले बेडूक करीन ते." मग ती पुन्हा बोलली नाही.

मायला मी माझ्याकडे आणलं. मोठ्या घरानं आरडाओरडा केला, पण वस्तीतले लोक उभे राहिले. मोठ्या घरचा गोठा सुटल्यावर मी तिला म्हटलं, आता सुखानं बस. ती दोन गोष्टी सांगून मेली. एक, मला मोठ्या घराच्या जमिनीत पुरू नको, लांब ने. दुसरी, "हे काम माह्यापाशी सरलं पायजे. कोणाचा उतारा उचलू नको. कोणी पाया पडलं तरी नको."

माझ्या पोरीला दात यायला लागले तेव्हा तिलाही ताप आला, जुलाब झाले, दिवसरात्र रडली आणि मग एका दुपारी आपोआप घाम येऊन शांत झाली. हिरडीवर पांढरी कणी दिसत होती. तेव्हा मला कळलं की मोठ्या घरच्या पोराला काय झालं होतं.

आता नवरा नाही. पोरगी पुसदला दिली आहे. मी एकटी राहते, निराधारचा पगार मिळतो, शेळी आहे, गुडघे दुखतात. यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मोठ्या घरचा मालक माझ्या दारात आला. तोच, तापानं पडलेला नवसाचा मुलगा. त्याला सगळे बापू म्हणतात. हातात काठी, तोंडात पांढरीशुभ्र कवळी.

"हाय का घरात?"

"हाय. जाणार कुठं?"

"नातवाचा ताप उतरून नाही राह्यला. ढाणकीच्या डॉक्टरची सुई झाली. श्वास घेतो तर छाती आत जाते. तुह्या मायनं माह्यावरून उतरवलं होतं. तुमच्या हाताले गुण हाय."

"माह्या हाताले शेळीचा वास हाय, बापू. गुण कुठला आला?"

"मस्करी नको करू. एक नारळ ओवाळून शिवंवर ठेव. बस."

"माह्या मायनं ठेवला, मंग तिचं काय केलं, ठाऊक हाय ना तुमाले?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तवा लहान होतो. मले काय समजत होतं?"

"तुमाले दात येऊन राह्यले होते," मी म्हटलं. "तुमचे येत होते, तिचे चालले होते."

त्याची कवळी हलली. म्हणाला, "म्हंजे नाही म्हणतं तू."

"नाही. पोराले यवतमाळले मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी उभी हाय ना दारात?"

"आधी घरची बाधा काढल्याशिवाय गाडी हलणार नाही. अन् ध्यानात ठेव, एवढं लेकरू पडलं अन् तू हात लावत नाही म्हणतं, तर लोक इचारतीन, मंग केलं कोनं?"

दुसऱ्या दिवशी नळावर उत्तर मिळालं. मी हंडा लावला तर माझ्या नातीच्या वयाच्या एका सुनेनं तो पायानं सरकवला. "आजी, तुमचं तोंड तिकडं करा ना. माह्या कडंवर लेकरू हाय." दुसरी म्हणाली, "हिच्या मायचे पाडले म्हंते. हिचे राह्यले." सगळ्या हसल्या. त्यांच्यातल्या काही वस्तीतल्याच होत्या. बुद्धाचा फोटो त्यांच्याही घरात आहे.

दुपारी बापूची सून आली. अमरावतीला शिकलेली, पंजाबी ड्रेस, डोळे सुजलेले. खाली बसली आणि माझे पाय धरले.

"आजी, मी हे मानत नाही हो. खरंच नाही मानत. पण मामंजी गाडीची किल्ली देत नाहीत. तुम्ही ओवाळलं की लगेच नेऊ म्हणतात. तुम्ही फक्त दाखवण्यापुरतं करा."

"दाखवण्यापुरतं केल्यावर माझे दात कोण सांभाळणार? तू?"

"असं आता कोणी करत नाही. कायदा आहे."

"तुझा नवरा कुठं आहे?"

"ते घरीच आहेत. वडिलांपुढं बोलत नाहीत."

"फाट्यावरून एसटी जाते. पोर उचल आणि बस."

ती रडत म्हणाली, "फाट्यापर्यंत तरी जाऊ देतील का मला?" आणि गेली. मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. तिच्या सासऱ्याच्या आईनं वरवंटा आणून दिला होता. पण पोराची छाती आत जाते हे ऐकल्यापासून भाकर गोड लागत नव्हती, एवढं खरं.

त्यानंतरच्या दिवशी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, दारात गलका झाला. बापू, त्याचा मुलगा, सून, सुनेच्या खांद्यावर पोर, मागं अर्धं गाव. मी जात नाही म्हटल्यावर उतारा माझ्याकडे आला होता. बापूनं स्वतः पत्रावळ पोरावरून ओवाळली आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवली. कण्या, लिंबू, अंडं, नारळ. माझ्या घराला एकच दार आहे. उतारा जो ओलांडतो त्याच्यावर जातो. म्हणजे मी बाहेर आले की माझं माझ्याकडे परत आलं, आणि न आले तर आत बसून राहा, पाण्यावाचून.

"ओलांड आता," बापू म्हणाला. "नाहीतर कबूल कर."

पोर रडत नव्हतं. रडायला ताकद लागते. ओठ निळसर झाले होते. मायनं काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. कोणी पाया पडलं तरी नको. पण तिनं स्वतः काय केलं होतं तेही आठवत होतं.

मी आत गेले आणि पाट्यावरून वरवंटा घेऊन आले. पुढचे लोक मागं सरकले. मी उंबऱ्यावर बसले, नारळ पायात धरला आणि वरवंट्यानं फोडला. पाणी पत्रावळीवर सांडलं. मग खोबरं दातांनी तोडून खाल्लं. माझे पुढचे दात अजून माझेच आहेत. सावकाश खाल्लं, सगळ्यांना दिसेल असं. अंडं सोलून खाल्लं. कण्या शेळीपुढं टाकल्या. मागून कोणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं.

तोंड पुसून मी म्हटलं, "गेलं माह्या पोटात. झालं तुमचं? आता गाडी काढा."

बापू तसाच उभा. मग मी त्याच्या मुलाकडे पाहून ओरडले, "ये भाड्या, किल्ली घे बापाच्या खिशातून! पोरगं मरून राह्यलं तुहं!" त्यानं घेतली.

पोराला न्यूमोनिया होता. यवतमाळच्या डॉक्टरनं, अजून एक दिवस उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं म्हटलं. पोर वाचलं आणि मी चेटकीण ठरले. मला ते खोबरं तोडतानाच माहीत होतं. दवाखान्याचं नाव गावात कोणी घेत नाही. बुढीनं खाल्लं म्हणून उतरलं, म्हणजे बुढीचंच होतं.

दात कोणी पाडले नाहीत. कायदा आहे, पोलीस पाटील येऊन कान टोचून गेला. पण नळावर माझा हंडा लागत नाही, मी पाणी वस्तीमागच्या बोअरवरून आणते. पुसदहून पोरगी ये म्हणते. मी जात नाही. शेळीचं दूध कोणी घेत नाही. आणि अमावस्या आली की सकाळी दाराबाहेर पत्रावळी असतात. ज्या बाया माझ्या हातचं पाणी पीत नाहीत त्यांच्याच. ठेवतात आणि मागं न बघता पळतात. आजीपासूनचं काम न मागता माझ्या उंबऱ्यावर आलं. मायचं शेवटचं सांगणं असं वाया गेलं.

एकदा मी दारामागं बसून राहिले. पत्रावळ ठेवायला बापूची सूनच आली. पोर खोकत होतं म्हणे. मी तिचा हात धरला.

"तू तर मानत नाहीस ना?"

ती म्हणाली, "सासूबाईंनी पाठवलं."

"मग काही हरकत नाही. बस. अर्धं तू खा, अर्धं मी खाते. मी नेहमी खाते, मला काही होत नाही. बघ."

मी नारळ फोडला आणि तिच्या हातात अर्धी वाटी दिली. ती त्या वाटीकडे बघत राहिली. खोबरं चांगलं पांढरं होतं. मी माझ्या वाटीतला तुकडा तोडून चावला आणि तिची वाट पाहिली. तिनं वाटी तोंडाजवळ नेली आणि खाली ठेवली.

"नाही जमणार, आजी."

"मग उचल," मी म्हटलं. "माझ्या दारात ठेवू नको. सासूलाही सांग आणि गावालाही सांग. ज्याला ठेवायचं त्यानं अर्धं माझ्यासमोर खायचं."

ती ओढणीनं नाक झाकून थोडी थांबली. मग तिनं दोन्ही वाट्या, लिंबू, कण्या सगळं गोळा केलं आणि पत्रावळ उचलली. मोठ्या घराचा उतारा मोठ्या घराकडे परत जाताना मी पहिल्यांदा पाहिला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी राहून चावत होते.